फेअरट्रेड लेबल की धोरणासाठी पाठपुरावा: वेळ कुठे घालावा?

जगाच्या व्यापारात शेतकऱ्याला आणि कामगाराला जरा बरा वाटा मिळावा असं मनापासून वाटणाऱ्यांसमोर साधारण दोन रस्ते येतात. फेअरट्रेड लेबल, म्हणजे उत्पादकाला ठरलेला किमान भाव दिल्याची खूण, बघून खरेदी करायची आणि चार लोकांना करायला लावायची, किंवा कायदे आणि व्यापार करार बदलावेत म्हणून मागे लागायचं. मी दोन्ही केलंय, आणि "दोन्ही करा" हा सल्ला मला फारसा पटत नाही, कारण नोकरी-घर सांभाळून जो वेळ उरतो तो एकाच ठिकाणी नीट लागतो.

आधी लेबलच्या बाजूने बोलतो, कारण त्याचा उपयोग खरंच होतो. १९८८ ला नेदरलँड्समध्ये मॅक्स हावेलार हे फेअरट्रेडचं पहिलं लेबल आलं आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत (कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची याची मर्यादा) कोसळून भाव निम्म्यावर आले, अशा वेळी किमान भाव ठरलेला असणं म्हणजे काय ते उत्पादकालाच विचारा. वर प्रीमियम, म्हणजे भावाव्यतिरिक्त जादा रक्कम, मिळते आणि ती कशावर खर्चायची हे सहकारी संस्थेचे सभासद ठरवतात. बऱ्याच संस्थांचा सगळा माल या भावाने जात नाही, गिऱ्हाईक मिळेल तेवढाच जातो आणि उरलेला नेहमीच्या बाजारात, हे मात्र धरून चला. कोको, चहा यांच्या पाकिटावर लोगोशेजारी कधीकधी छोटा बाण दिसतो, म्हणजे मागे बघा, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की माल कारखान्यात इतर मालात मिसळलेला असू शकतो आणि हिशेब वजनाने जुळवलाय, म्हणजे जेवढा फेअरट्रेड माल घेतला तेवढाच त्या नावाने विकला. काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटली, छोट्या शेतकऱ्याच्या मालासाठी वेगळी लाईन चालवणं प्रत्येक कारखान्याला कुठून जमणार.

मला खटकलं ते वेगळंच. कंपनीला वाटेल त्या दिवशी लेबल सोडता येतं. मी नेहमी घ्यायचो ते कॉफीचं पाकीट एकदा उचललं तर रंग तोच, नाव तेच, फक्त कोपऱ्यातला लोगो जाऊन तिथे कंपनीचं स्वतःचं हिरवं पान आलेलं. ईमेल करून विचारलं तर गोड भाषेत लांबलचक उत्तर आलं आणि त्यात किमान भावाबद्दल एक अक्षर नव्हतं. हे काही एकट्या त्या कंपनीचं नाही, ब्रिटनमध्ये किटकॅटने २०१० ला फेअरट्रेड घेतलं आणि २०२० ला ते सोडून रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या लेबलकडे गेलं, जिथे तसा ठरलेला किमान भाव नाही. इतकी वर्षं लोकांना समजावून जे उभं केलं ते कुणालाही न विचारता काढून घेता येत असेल तर तो शेतकऱ्याचा हक्क कसला? हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही, आणि माझा कल तिथेच ठरला.

आता दुसरी बाजू. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची खासगी ऑडिट आधी झालेली होती. त्यानंतर महिन्याभरात आलेला अकॉर्ड, म्हणजे ब्रँड आणि कामगार युनियन यांच्यातला कारखाना-सुरक्षेचा करार, कायद्याने बंधनकारक होता, म्हणूनच पुढे दोन ब्रँड सुधारणांत ढिलाई करतायत असं दिसल्यावर युनियननी त्यांना हेगच्या लवादासमोर नेलं आणि दोघांनाही तडजोड करावी लागली, एकाला २३ लाख डॉलर मोजून. लेबलच्या बाबतीत असं कुणाला खेचता येत नाही, फार तर आपण पाकीट घेणं बंद करतो.

शेतमालाचं तर विचारूच नका. सरकारी धान्यसाठ्यासाठी केलेली खरेदी सबसिडी किती धरायची हे डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) १९८६ ते ८८ च्या जुन्या भावांवरून मोजतं, त्यामुळे सबसिडी फुगलेली दिसते; बालीच्या बैठकीत २०१३ ला यातून तात्पुरती सवलत मिळाली, कायमचा तोडगा अजून नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे चार देश २००३ पासून श्रीमंत देशांच्या कापूस सबसिडीविरुद्ध बोलतायत, कारण त्या सबसिडीने जगभरचा भाव पडतो. तिथे लेबल काय करणार?

पाठपुराव्यात दम लागतो हे खरंय. मसुदे किचकट, मीटिंगा रटाळ, आणि कायदाही कायम टिकेलच असं नाही, युरोपियन युनियनचा पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांचा कायदा २०२४ ला झाला आणि २०२५ मध्ये लगेच त्याला कात्री लावायची हालचाल सुरू झाली. पण निदान ती उघडपणे होते, कोण कुठल्या बाजूने बोललं, मत दिलं ते दिसतं आणि त्याला जाब विचारता येतो.

महिन्यातून एखादा तासच निघत असेल, किंवा सरकारी कागद बघूनच अंगावर काटा येत असेल, तर लेबल बघून घेत राहा, त्यात कमीपणा काहीच नाही. त्याहून थोडा जास्त वेळ असेल तर माझ्या मते एक विषय धरा, कापूस घ्या नाहीतर धान्यसाठा, आणि त्यावर आधीपासून काम करणाऱ्या गटात जा. सरकारने मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की तयार मजकूर चिकटवू नका, एक पान पुरतं, कलमाचा नंबर टाका आणि मागणी एकच ठेवा.