बाभळीची जुडी आणि कडुनिंबाचे पाकीट

दात घासण्याच्या काड्या मी दोन ठिकाणांहून घेतल्या आणि दोन महिने आलटून पालटून वापरल्या: ऑनलाइन मागवलेल्या, प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या कडुनिंबाच्या पाच काड्या, आणि आमच्या आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींकडची बाभळीची वीस रुपयांची जुडी.

पाकिटातली काडी पार वाळलेली होती. रात्रभर पाण्यात भिजत घालूनही तिचा कुंचा धड झाला नाही, उलट कडक धागे हिरडीत रुतून रक्त आले. बाभळीच्या ओल्या काडीची साल काढून टोक दोन मिनिटे चावले की मऊ कुंचा होतो, तुरट रसाने हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात आणि दात घासून झाल्यावर तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडता येते.

जुडी हातात देण्याआधी मावशींनी "तोंड आलंय का, ताई?" असे विचारले आणि आले असेल तर काडी न लावता नुसत्या चुळा भरा, असे बजावले. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात दातवणाची काडी कोणी वापरू नये हे सांगताना अजीर्ण, खोकला, ताप यांच्याबरोबर तोंड येणेही धरले आहे. मावशींना हे त्यांच्या आईने शिकवले होते. देशातले पहिले दंत महाविद्यालय कोलकात्यात १९२० मध्ये निघाले. इंग्रजी राजवटीत रुजलेल्या या विद्येने दात वाचवले हे खरेच, पण तोंडाचा पोटाशी आणि तापाशी संबंध जोडणारी मावशींची समज मात्र अडाणीपणात जमा झाली. माझी आजी शहरात राहायला आल्यावर मोरीचे दार लावून काडीने दात घासत असे, हे आठवले की आजही वाईट वाटते.

जुने ते सगळे चांगले, असे मी मुळीच म्हणणार नाही. तंबाखू भाजून केलेली मशेरीही पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावली गेली आणि ती तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. शिवाय काडीतून पेस्टमधले फ्लोराइड मिळत नाही, आणि दातांची कीड रोखणारी फ्लोराइडयुक्त पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहे. त्यामुळे मी रात्री ब्रश आणि पेस्ट वापरते, सकाळी काडी.

पाकीट पुन्हा मागवणार नाही. जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर चार दिवस टिकते, पावसाळ्यात मात्र तिला बुरशी धरते, म्हणून लहानच घ्यावी. मावशी दुपारी बारापर्यंतच बसतात.