नागपूरच्या बेसा-पिपळा रोडवरच्या लेआउटमधली पावसाळी नाली : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

प्लॉट घेताना आम्ही सातबारा पाहिला, एनए (बिगरशेती परवानगी) पाहिलं, रस्त्याची रुंदी मोजली, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं तेही विचारलं. नालीसुद्धा पाहिली. दोन्ही बाजूंनी सिमेंटची, वर ढापे, एकदम नवीकोरी. ही नाली जाते कुठे, एवढंच विचारायचं राहिलं.

लेआउटवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण आजूबाजूच्या तीन लेआउटमध्येही मी हेच पाहिलं आहे.

जुलै 2024 मध्ये एका रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे आई हाक मारत होती, तिच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होतं. साधं पाणीही नव्हे. आमच्याकडे अजून सांडपाण्याची गडर लाइन नाही आणि काही घरांच्या सेप्टिक टँकचा पाइप याच नालीत सोडलेला आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीला पूर आला, तेव्हा बहिणीचं अंबाझरी लेआउटमधलं घर आम्ही धुऊन काढलं होतं. पण तिच्या शेजारी तलाव आणि नदी आहे. आमच्याकडे तर शेत होतं.

पाऊस उघडल्यावर मिस्त्री भाऊंना बोलावलं. त्यांनी पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून दहा-दहा मीटरवर खुणा केल्या. माझ्या घरापासून 40 मीटर पुढे नालीचा तळ 20 सेंटिमीटर तरी खाली हवा होता. निघाला 9 सेंटिमीटर वर! एका जागी ढापा उचलला तर तळाला हात जाईल एवढी भेग. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. तिच्यावर मुरूम न दाबता सिमेंट ओतलं तर दुसरं काय होणार?

पुढे नाली शेताच्या धुऱ्याला जाऊन संपते. तिथले म्हातारे काका म्हणाले, "पाणी पहिलेपासून इथूनच जात होतं बापा, तुमच्या प्लॉटातून." म्हणजे जुना ओघळ बुजवून त्यावर प्लॉट पाडले, आणि त्या पाण्याला दुसरी वाट दिलीच नाही. आमचा लेआउट तीन एकरांचा, साधारण 12,000 चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला की इथे सहा लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे साठ टँकर. शेत होतं तेव्हा त्यातलं कितीतरी भेगांत, सऱ्यांत मुरायचं. आता छपरं आणि सिमेंटचे रस्ते आहेत, सगळं लगेच नालीकडे धावतं.

लेआउटवाल्यांच्या ऑफिसमध्ये बोलणं नीट झालं, काम मात्र पहिल्या वर्षी काहीच नाही. जेसीबी पाठवला, गाळ काढून काठावरच टाकला, पुढच्या पावसात तो परत आत. मग आम्ही अकरा घरांनी सह्या करून, मोजमाप आणि फोटो जोडून लेखी तक्रार दिली. मे 2025 मध्ये त्यांनी तो तुकडा फोडून, मुरूम दाबून, उतार देऊन नव्याने बांधला. हे काम चांगलं झालं, ते मान्य करायलाच हवं. त्यापुढे रस्त्याकडेच्या नाल्यापर्यंत पाइपही टाकला, पण 300 मिलिमीटरचा. माझा भाचा साइट इंजिनिअर आहे. त्याच्या हिशेबाने 450 चा हवा होता.

त्या पावसाळ्यात पाणी दोन दिवसांऐवजी दोन-तीन तासांत उतरलं, घरात आलं नाही. पायरीपर्यंत मात्र तीनदा आलं.

माझं रेटिंग : 5 पैकी 2.

इकडे प्लॉट पाहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्यावर तासाभरात या. नालीच्या कडेने शेवटपर्यंत चालत जा. तळाच्या लेव्हल लिहिलेला नकाशा मागा आणि आजूबाजूच्या शेतकऱ्याला जुन्या ओघळाचं विचारा. टोकन त्यानंतर द्या.

मोठ्या पाइपसाठी दुसरा अर्ज दिला आहे. आईचा पलंग अजून विटांवरच आहे. पाइप बदलला की इथेच लिहीन.