ऑनलाइन कँटोनीज क्लास: साडेतीन तारे, त्यातला अर्धा 'अस्मादिकां'चा

लेक हाँगकाँगला असते. नातू तिथल्या शेजारणीशी काय बडबडतो ते कळावं म्हणून, नागपूरच्या महाल भागातल्या घरी बसून, रिटायर्ड मास्तरानं सहा आठवड्यांचा क्लास केला. बाई तिकडच्या आठला सुरू करायच्या, म्हणजे आपले साडेपाच. नेमका चहाचा टाइम.

पहिला आठवडा 'मी' म्हणण्यातच गेला. 'मी'ला 'ङो'. जन्मभर फळ्यावर क ख ग घ ङ लिहिलं, पण ङ नं सुरू होणारा शब्द तोंडून कधी निघाला नव्हता. तीन दिवस आरशापुढे घसा खरवडला. बायको म्हणे, "काहून रेकून राहिले म्हशीवानी?" चौथ्या दिवशी बाई सांगतात, तिकडची बरीच पोरं ङ गिळून नुसतं 'ओ' म्हणतात. आधी सांगायला काय झालं होतं?

सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, असे सहा सूर एका तासात गुंडाळले. रेकॉर्डिंग देतो म्हणाले होते, अजून देऊनच राहिले.

पण चौथ्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, गमतीत स्वतःला काय म्हणता? अन् फी वसूल झाली. 'जोइ हा', म्हणजे 'खाली असलेला'. जुन्या तलवारबाजीच्या गोष्टींतले वीर असे बोलतात. आज दोस्तांत कोणी म्हटलं की हशा. थेट आपले 'अस्मादिक'! 'सिउ दाय' म्हणजे धाकटा भाऊ, मग बोलणारा टकला का असेना. 'ग्वा यान' म्हणजे सद्गुणांत उणा माणूस, अन् असं म्हणायचे कोण, तर राजे! 'जाम' म्हणजे 'मी', आधी कोणीही म्हणे, इ.स.पू. २२१ मध्ये चीनच्या पहिल्या सम्राटानं तो शब्द स्वतःपुरता राखून ठेवला. आपल्याकडे 'आम्ही'वर असा कब्जा झाला असता तर अर्धा महाल मुका बसला असता. आणि 'ओइ गा', शोकात बुडालेली: नाटकांत राजाची विधवा स्वतःला असं म्हणवते.

परवा व्हिडिओ कॉलवर लेकीच्या शेजारणीपुढे हात जोडून म्हटलं, "जोइ हा." बाई सत्तरीच्या. आधी डोळे मोठे केले, मग पोट धरून हसल्या. मान ताठ करून, पदर सावरल्यासारखा हात छातीशी नेत उत्तरल्या, "ओइ गा..."

मागे सोफ्यावर त्यांचे यजमान संत्रं सोलत बसले होते. त्यांचा हात थांबला.