ऑप्टिमिस्ट की दोघांची डिंगी? मुलांचा शिडाच्या बोटींचा वर्ग सुरू करू पाहणाऱ्या क्लबांसाठी

धरणाच्या काठावरील किंवा खाडीच्या मुखाशी असलेला एखादा छोटा क्लब मुलांसाठी शिडाच्या बोटींचा वर्ग सुरू करण्याचे ठरवतो, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत बोटींचा विषय सर्वांत आधी निघतो. व्यवहारात पर्याय दोन उरतात. पहिला म्हणजे एकट्या मुलाने चालवायची ऑप्टिमिस्ट आणि दुसरा म्हणजे दोन मुलांनी मिळून चालवायची, क्लबाच्या मालकीची थोडी मोठी डिंगी (शिडाची छोटी उघडी बोट). त्यात आरएस फीवासारखी आजची प्लास्टिकची बोट येते आणि आपल्याकडील क्लबांना जुनी ओळखीची असलेली एंटरप्रायझही येते. येथे या दोन पर्यायांची तुलना मुख्यतः एकाच कसोटीवर केली आहे: पहिल्या उन्हाळ्यात आलेले मूल चार वर्षांनीही पाण्यावर दिसेल का?

ऑप्टिमिस्टचा आराखडा क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे केला. प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून घरच्या घरी बांधता येईल आणि मध्यमवर्गीय पालकाला परवडेल अशी बोट हवी, ही मूळ मागणी होती. जेमतेम 2.3 मीटर लांबी, 35 किलोचा सांगाडा (म्हणजे शीड-डोलकाठी सोडून बोटीचे मूळ अंग), एकच शीड आणि चौकोनी नाक असलेली ही बोट पाहून मोठी माणसे हसतात, पण आठ-नऊ वर्षांचे मूल तीत बसून सुकाणू आणि शिडाची दोरी स्वतः सांभाळते, तेव्हा वारा कोठून येतो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. चूक झाली तर बोट थांबते, बरोबर केले तर चालते, आणि दोष देण्यासाठी शेजारी कोणी नसते. शिकण्याचा हा वेग दोघांच्या बोटीत मिळत नाही. शिवाय मुलांच्या शर्यतींचे जग याच बोटीभोवती उभे आहे, त्यामुळे दुसऱ्या क्लबाच्या रेगाटाला, म्हणजे शर्यतींच्या मेळाव्याला, गेलेल्या मुलाला तेथे आपल्याच प्रकारच्या बोटी भेटतात.

तिच्या अडचणीही तितक्याच ठोस आहेत. उलटलेली ऑप्टिमिस्ट सरळ केल्यावर पाण्याने भरलेली असते आणि मुलाला ती डब्याने उपसावी लागते. थंड वाऱ्यात, घाबरलेल्या मुलाला हे काम मोठे वाटते आणि काही मुले त्याच दिवशी मनातून हा खेळ सोडतात. बारा मुलांना बारा बोटी, बारा ट्रॉल्या आणि बारा वेळा रिगिंग (डोलकाठी-शीड चढवणे) लागते. पण या बोटीची खरी मर्यादा वयाची आहे. या प्रकारच्या बोटींच्या शर्यत-नियमाप्रमाणे मूल ज्या वर्षी पंधरा वर्षांचे होते, त्या वर्षापर्यंतच त्याला ऑप्टिमिस्टमध्ये शर्यत करता येते. आपल्याकडे हेच वर्ष नववी-दहावीचे असते. एका बाजूने शिकवणीचा वर्ग शनिवार-रविवार मागू लागतो आणि दुसऱ्या बाजूने मुलाची बोट त्याच्या हातून जाते. क्लबाकडे पुढची बोट नसेल, तर ज्याच्यावर सर्वांत अधिक वेळ खर्च झाला, नेमके तेच मूल बाहेर पडते आणि धाकट्या मुलांना बोट ओढायला, शीड बांधायला मदत करू शकणारा हातही त्याच्याबरोबर जातो. ही गळती एका दिवसात होत नाही, म्हणून ती अहवालात दिसत नाही. नव्या मुलांच्या नोंदणीचा आकडा चांगला असला की कार्यकारिणी समाधानी राहते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, एकट्याने चालवायची बोट. हिचा सांगाडा एकच असतो आणि त्यावर 4.7, 5.76 व 7.06 चौरस मीटरची तीन वेगवेगळी शिडे चढतात, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलीपासून पूर्ण वाढलेल्या तरुणापर्यंत तोच सांगाडा कामाला येतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये नेहा ठाकूरने मुलींच्या गटात रौप्यपदक मिळवले ते यातील सर्वांत लहान शिडावर, तर विष्णू सरवणनने कांस्यपदक मिळवले ते सर्वांत मोठ्या शिडावर. ज्या क्लबाला ऑप्टिमिस्ट घ्यायच्या आहेत त्याने त्याच अंदाजपत्रकात किमान दोन आयएलसीए धराव्यात. त्या परवडत नसतील तर ऑप्टिमिस्टही परवडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोघांच्या डिंगीत वयाची ही भिंत बरीच खाली येते. फीवा 3.64 मीटर लांब आहे, तिच्यात आलेले पाणी आपोआप निचरते, आणि तीत दहा वर्षांची दोन मुले बसतात तसेच एक मोठे व एक लहानही बसते. सोळा वर्षांचा मुलगा सुकाणूवर आणि दहा वर्षांची मुलगी जिबच्या (पुढच्या लहान शिडाच्या) दोरीवर, अशी जोडी लावली की मोठ्याला क्लबात राहण्याचे कारण मिळते आणि प्रशिक्षकाला न मागता सहायक मिळतो. पाण्यात बोटींची संख्या निम्मी होते, म्हणून बचाव-बोटीवरील माणसाला सहा मुलांसाठी सहाऐवजी तीनच बोटींवर नजर ठेवावी लागते. पहिल्या दिवसाची भीतीही दोघांत वाटली जाते. उणी बाजू अशी की जोडीतील धीट मूल सगळे काम करते आणि दुसरे नुसते प्रवासी होऊन बसते, त्यामुळे प्रशिक्षकाने जागा बदलण्याचा नियम कडकपणे पाळावा लागतो. एक जण गैरहजर राहिला की दुसऱ्याचा दिवसही अडतो, आणि लग्नसराईच्या दिवसांत हे फार वेळा होते.

टिकाऊपणाच्या प्रश्नात नेहमी प्लास्टिकची बाजू घेतली जाते, पण येथे थोडे थांबावे. फीवाचा पॉलिएथिलीनचा सांगाडा धक्क्यावर आपटला, खडकावर घासला तरी सहसा फुटत नाही, हे खरे आहे. मात्र तो फुटलाच तर दुरुस्तीसाठी लागणारे कौशल्य सहज मिळत नाही, आणि उघड्यावर ठेवलेला सांगाडा आपल्या उन्हात वर्षानुवर्षे टिकेल असे गृहीत धरू नये. त्याला छप्पर हवेच. फायबरग्लास लवकर तडकतो, परंतु मच्छीमारांच्या होड्या फायबरच्या झाल्यापासून वर्सोव्यापासून मालवणपर्यंत तो जोडणारे कारागीर कोळीवाड्यांतच भेटतात. किनाऱ्यावरील क्लबासाठी फायबरची बोट कदाचित अधिक दिवस चालेल आणि धरणावरील क्लबासाठी प्लास्टिकची, हा निष्कर्ष थोडा उलटा वाटला तरी मला योग्य वाटतो.

पाणी आणि पंचांग यांचा विचार बोटीइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबई बंदरात ऑक्टोबर ते मे हा हंगाम असतो. दुपारी खारे वारे धरतात, पण उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक हलते, त्यामुळे चुकीच्या वेळी परतलेल्या मुलांना चिखलातून बोट ओढावी लागते. येथे हलक्या ऑप्टिमिस्टचा मोठा फायदा आहे. धरणावर चित्र वेगळे असते. मुलांना सुटी मिळते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात, जलाशय तळाला गेलेला असतो आणि बोटी पाण्यात सोडण्याचा क्लबाचा उतार पाण्यापासून दूर राहतो, तर जलाशय भरतो तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात आणि विसर्गाच्या दिवसांत पाण्यावर जाऊच नये. म्हणून धरणावरील क्लबाने उन्हाळी शिबिराच्या उत्पन्नावर वर्षाचा हिशेब मांडू नये; त्याचा खरा हंगाम दिवाळीच्या सुटीपासून मार्चपर्यंतचा आहे.

एका गोष्टीत मात्र दोन्ही पर्याय सारखेच महाग आहेत, ती म्हणजे प्रशिक्षक आणि बचाव-बोट. एकट्याच्या बोटींच्या वर्गात एका प्रशिक्षकामागे सहा मुले ही ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची मर्यादा आपल्याकडेही शहाणपणाची आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च सामाजिक उत्तरदायित्वात धरला जातो, त्यामुळे कंपन्यांकडे मागणी करता येते. देणगीदाराला शिडावर आपले बोधचिन्ह आवडते. पेट्रोलच्या पावतीवर ते लावता येत नाही. मागणीपत्रात बोटींच्या आधी तीन वर्षांचे प्रशिक्षकाचे मानधन लिहावे, ते याच कारणासाठी.

नमुना म्हणून भोपाळची राष्ट्रीय सेलिंग शाळा किंवा सैन्यदलांच्या क्रीडा कंपन्या (खेळाडू मुले घडवणाऱ्या तुकड्या) समोर ठेवल्या जातात, पण तेथे निवास, बोटी आणि प्रशिक्षक हे सारे सरकार देते, म्हणून छोट्या क्लबासाठी ती तुलना निरुपयोगी आहे. हुसेनसागरावरील यॉट क्लब ऑफ हैदराबादचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे वंचित कुटुंबांतील मुलांना घेऊन क्लबाने स्वतःची फळी उभी केली, आणि त्यातील प्रीती कोंगारा 470 या दोघांच्या बोटीत हांगझोऊपर्यंत पोहोचली. सभासदांच्याच मुलांवर अवलंबून राहिलेल्या वर्गाची संख्या शाळेच्या परीक्षांबरोबर घटते. जवळच्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुले, जाण्यायेण्याची सोय केली तर, अधिक नियमित येतात, असे मला वाटते.

ज्या क्लबाजवळ समुद्र आहे, शर्यतीचा अनुभव असलेले दोन-तीन सभासद आहेत आणि बाहेरच्या रेगाटाला मुले पाठवण्याची तयारी आहे, त्याने सहा ऑप्टिमिस्ट आणि दोन आयएलसीए घ्याव्यात. ज्याच्याकडे एकच प्रशिक्षक, एकच बचाव-बोट आणि धरणाचे पाणी आहे, त्याने चार दुहेरी बोटींनी सुरुवात करावी आणि तिसऱ्या वर्षी, कोणती मुले शर्यतीकडे ओढली जातात हे दिसल्यावर, एक आयएलसीए जोडावी. दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वेगवेगळ्या प्रकारांच्या तीन-तीन बोटींत मुलांची नीट शर्यत लागत नाही आणि सुटे भागही दोन प्रकारचे साठवावे लागतात.