‘गीतारहस्य’: धर्मसंकटात सापडलेल्यांसाठी

लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ विकत घ्यावे का, असे कोणी विचारले तर ते कशासाठी हवे आहे, हे मी आधी विचारीन. नित्यपाठासाठी हवे असेल तर गीतेची लहानशी पोथी पुरेशी आहे. परंतु दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या असता माणसाने काय करावे, आणि जे करायचे ते अखेर कशासाठी करायचे, हा प्रश्न ज्याला मनापासून छळतो, त्याच्यासाठी मराठीत या तोडीचे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

ग्रंथाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने हा ग्रंथ लिहून काढला आणि सुटकेनंतर 1915 साली तो प्रसिद्ध झाला. पंधरा प्रकरणांचे विवेचन, गीतेच्या बहिरंगाची परीक्षा करणारे परिशिष्ट आणि त्यानंतर सातशे श्लोकांचे टीपांसह भाषांतर, असा त्याचा विस्तार आहे. एवढा विस्तार पाहून वाचक पहिल्या प्रकरणातच दमतो. गीतेवरील भाष्ये, त्यांचे संप्रदाय आणि ग्रंथतात्पर्य ठरविण्याची मीमांसकांची (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांची) रीत यांची ती चर्चा आवश्यक असली, तरी नवख्याने तिथून सुरुवात करू नये. सरळ दुसरे प्रकरण उघडावे. त्याचे नाव ‘कर्मजिज्ञासा’, आणि माझ्या मते साऱ्या ग्रंथाचा जीव त्यात आहे.

कुरुक्षेत्रावरच्या अर्जुनाकडे वळण्यापूर्वी टिळक शेक्सपिअरची दोन माणसे आपल्यासमोर उभी करतात. बापाचा खून करून आईशी लग्न लावणाऱ्या चुलत्याला मारावे की आप्त म्हणून सोडावे, या विचारात पिचून गेलेला हॅम्लेट हा पहिला. रोमने हद्दपार केल्यावर रोमच्याच शत्रूंना जाऊन मिळालेला आणि पुढे मातृभूमी व नवे सोबती यांच्या कात्रीत सापडलेला कोरिओलेनस हा दुसरा. अर्जुनाचा पेच हा एका काळाचा किंवा एका धर्माचा नाही, हे एवढ्याने मनात ठसते. मग महाभारतातील प्रसंगांची रांग सुरू होते, आणि ज्यांना आपण नीतीची सर्वमान्य तत्त्वे म्हणतो, त्यांची एकेक करून कसून उलटतपासणी होते.

अहिंसेचेच पाहावे. पापणी लवली तरी ज्यांचे देह मोडून पडतील इतके सूक्ष्म जीव या जगात भरलेले आहेत, हे शांतिपर्वातील अर्जुनाचे वचन टिळक पुढे ठेवतात आणि मग ‘हिंसा करू नये’ याचा अर्थ काय करायचा, असे विचारतात. अंगावर चालून आलेल्या आततायीचा, म्हणजे जिवावर उठलेल्या दुष्टाचा, प्रश्न त्यानंतर येतो, आणि तेथून क्षमेचा. कारण नित्य तेज श्रेयस्कर नाही तशी नित्य क्षमाही नाही, असे प्रल्हादानेच बळीला सांगून ठेवले आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात श्वपचाच्या, म्हणजे चांडाळाच्या, घरी कुत्र्याचे मांस चोरायला गेलेल्या विश्वामित्राची कथा तर अंगावर येते. तिथे शास्त्र सांगतो श्वपच आणि ते बाजूला सारतो ऋषी; जगलो तर धर्म आचरता येईल, असे त्याचे म्हणणे. त्यावर टिळक मिल्लची साक्ष काढतात, कारण जीव वाचविण्यासाठी चोरी करणे प्रसंगी कर्तव्यही ठरेल, असे त्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानेही लिहिले आहे. वाचक या निकालावर विसावतो न विसावतो तोच ते उलट बाजूने विचारतात की नुसते जगणे हेच जर सर्वस्व, तर शिबी आणि जीमूतवाहन यांनी दुसऱ्यासाठी देह का दिला?

सत्याची चर्चा मला सर्वांत मोलाची वाटते. दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा कौशिक नावाचा सत्यव्रती ब्राह्मण खरेखरे सांगून टाकतो, लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. कर्णपर्वातील ही कथा सांगून, अशा वेळी खोटे बोलण्याची मुभा सिज्विकसारखे पाश्चात्त्य नीतिवेत्तेही देतात, हे टिळक दाखवितात. एवढ्यावर थांबते तर हे प्रकरण पळवाटांचे समर्थन ठरले असते. परंतु ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या युधिष्ठिराचा जमिनीला न टेकणारा रथ त्या एका वाक्यासरशी खाली आला आणि अखेर त्यालाही नरकाचे दर्शन घ्यावे लागले, याची आठवण ते देतात. अपवाद असतो, पण तो फुकट मिळत नाही. नीतीवरच्या कितीतरी पुस्तकांत नियम तरी पोलादी असतो किंवा सवलत तरी सैल असते. दोन्हींचा भार एकाच वेळी वाचकाच्या खांद्यावर ठेवणे टिळकांना साधले आहे.

चौथ्या प्रकरणात ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वाची परीक्षा आहे. चार्वाक आणि इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्स यांच्या निव्वळ स्वार्थापासून बेंथॅम आणि मिल्ल या इंग्रज उपयुक्ततावाद्यांपर्यंतच्या सुखवादाच्या पायऱ्या भर्तृहरीच्या सत्पुरुष, सामान्य आणि राक्षस अशा वर्गवारीशी ताडून पाहण्याची कल्पना सुंदर आहे. डोकी मोजून न्याय ठरत असेल तर कौरवांच्या अकरा अक्षौहिणींपुढे पांडवांच्या सात अक्षौहिणींचा पक्ष अन्याय्य ठरवावा लागेल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. त्याहून नेमके उदाहरण अमेरिकेतील ट्रामचे. शहराला ट्राम हवी होती, परवानगी मिळेना, म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच चारून ती मिळवली. सोय सर्वांची झाली. तरी तो गुन्हेगार ठरलाच. कर्माची किंमत त्याच्या फळावरून नव्हे, तर कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते, हा सिद्धांत टिळक या वाटेने आणतात. कामे अडवून ठेवणाऱ्या कचेऱ्यांची सवय झालेल्या आजच्या वाचकाने ही दोन-तीन पाने अवश्य वाचावीत.

याच टोकाला माझी मोठी तक्रारही आहे. शुद्ध, सर्वांभूती सम झालेली बुद्धी हीच कसोटी मानली, तर माझी बुद्धी शुद्ध आहे हे ठरवायचे कोणी? स्थितप्रज्ञाचे, म्हणजे बुद्धी स्थिर झालेल्या ज्ञानी पुरुषाचे, आचरण हाच दाखला, हे टिळकांचे उत्तर. पण ज्याला स्थितप्रज्ञ ओळखता येत नाही त्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. बाराव्या प्रकरणात, दुष्टाशी वागताना साधूने प्रतिकार करावा या प्रतिपादनापाशी, ही उणीव फार जाणवते. 1920 च्या आरंभी ‘यंग इंडिया’त गांधींशी झालेल्या वादात टिळकांनी बुद्धाच्या अक्रोधापेक्षा ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जे मला जसे भजतात त्यांना मी तसाच पावतो) हे कृष्णवचन आपल्याला अधिक मान्य असल्याचे लिहिले आणि गांधींनी ‘शठं प्रत्यपि सत्यम्’ (लबाडाशीही सत्यानेच वागावे) असे उत्तर दिले. हे प्रकरण वाचताना तो वाद शेजारी ठेवावा. मला स्वतःला तिथे गांधींचे म्हणणे अधिक पटते. स्वधर्माचे विवेचन चातुर्वर्ण्याच्या चौकटीत पुन्हा पुन्हा येते, तेही आजच्या वाचकाला खुपेल आणि खुपावे.

पाचव्या प्रकरणातील असंतोषाचा विचार चुकवू नये. भोगाने तृष्णा शमत नाही हा ययातीचा अनुभव आणि ‘असंतोषः श्रियो मूलम्’ (असंतोष हे वैभवाचे मूळ) हे वचन, दोन्ही मान्य करून कोणता असंतोष ठेवावा आणि कोणता सोडावा, हे टिळक फार जपून वेगळे करतात. सांख्यशास्त्र आणि विश्वाची उभारणी ही प्रकरणे मात्र कठीण आहेत. पहिल्या वाचनात ती चाळून पुढे गेले तरी चालेल.

भाषेचे भय बाळगू नये. वाक्ये लांब आहेत, पण ती कुठेही घसरत नाहीत, आणि बहुतेक संस्कृत अवतरणांचा आशय ओघात कळतो. प्रत घेताना टीपांचा टाइप आधी पाहावा. माझ्याजवळच्या प्रतीत तो इतका बारीक आणि फिकट आहे की संदर्भ शोधताना डोळे शिणतात, आणि बांधणी घट्ट असल्यामुळे पुस्तक टेबलावर उघडे राहत नाही. जालावर जुन्या आवृत्त्यांच्या प्रती विनामूल्य मिळतात. ‘कर्मजिज्ञासा’ तिथे वाचून पाहावे आणि मगच विकत घेण्याचे ठरवावे. विकत घेणाऱ्याने दुसरे, चौथे, पाचवे आणि बारावे प्रकरण या क्रमाने वाचून नंतर पहिल्याकडे यावे, आणि श्लोकांच्या टीपा गरजेनुसार पाहाव्यात. अभ्यासमंडळात वाचायचे असेल तर एका बैठकीला ‘कर्मजिज्ञासे’तील एकच प्रसंग पुरे होतो, विश्वामित्राचा घेतला तर चर्चा लवकर संपत नाही.