जुनी पोलादी फ्रेम की नवी क्रोमोली?
यवतमाळकडच्या आमच्या गावातून तालुक्याला जाण्यासाठी पोलादी रोड सायकल जुळवायची, तर जुनी फ्रेम नव्याने उभी करावी किंवा नवी क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची फ्रेम घ्यावी. डांबरी रस्त्यापुरता विचार केला, तर मला जुनीच अधिक भावते. तिच्यात मागच्या चाकासाठी बहुधा १२६ मिमी जागा असते आणि रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडीवर दाबणाऱ्या ब्रेकच्या, सायकलींत नंतर रूढ झालेल्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १३० मिमी लागते. मात्र पोलाद न तुटता वाकत असल्याने जाणता कारागीर दोन्ही बाजू सारख्या ओढून हे अंतर वाढवून देतो. खरी कसोटी गंजाची आहे. मी पाहिलेल्या एका फ्रेमचा रंग शाबूत होता, पण सीटचा दांडा उपसताच तांबूस भुकटी हातावर आली आणि पेडलच्या धुऱ्याजवळ टोचलेला खिळा सरळ आत गेला. अशी फ्रेम फुकटही घेऊ नये.

क्रोमोलीत सुमारे १ टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे नळ्या पातळ ठेवूनही मजबुती टिकते. गंज मात्र तिलाही चढतो. ती महाग पडते. तरीही पांदण रस्त्याने जायचे असेल, तर ३२ मिमीचा टायर बसवूनही मोकळी जागा उरेल अशी नवी फ्रेमच मी निवडेन, कारण पहिल्याच पावसात काळी माती चाक आणि चिमट्याच्या मध्ये इतकी घट्ट बसते की चाक जागीच थांबते.