एसएमपीएस टेस्टर : निकाल उत्तम, तरी संगणक बंदच

भाचीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी सुटे भाग आणून डोंबिवलीच्या घरी जोडलेला संगणक पहिल्या दिवशी सुरूच झाला नाही, आणि त्या निमित्ताने मी ₹६५० देऊन एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तपासण्याचा एक टेस्टर मागवला. तळहातावर मावणारी काळी डबी, तिला लहानसा पडदा आणि चारही कडांना निरनिराळ्या आकारांची सॉकेट्स, असे हे उपकरण वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळते. मला ते उपयोगी पडले. मात्र ज्या कामासाठी ते विकले जाते, त्या कामासाठी नव्हे.

बटण दाबताच ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा, प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा घ्यायचा आणि सगळे शांत व्हायचे. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी काहीही घडत नसे. एसएमपीएसच्या पाठीमागचा खटका बंद करून थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केला, की तेवढाच अर्धा फेरा परत मिळे. सुटे भाग ज्या दुकानातून घेतले होते तिथे फोन केला, तर मालकांनी सगळे ऐकून घेण्याआधीच निदान सांगून टाकले : “एसएमपीएस गेलाय, घेऊन या.” दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोडवरचे ते दुकान, आणि हे सगळे एसएमपीएसचा जड खोका हातात घेऊन करायचे, तर त्याआधी खातरजमा केलेली बरी, असे मला वाटले.

टेस्टर वापरणे सोपे आहे. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी संगणकातून सोडवायच्या, २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर टेस्टरमध्ये बसवायचे आणि पाठीमागचा खटका चालू करायचा. एरवी मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडून एसएमपीएसला जागा करतो. ते काम इथे टेस्टर स्वतः करतो. माझ्याकडे आकडे आले ते असे : १२ व्होल्टच्या दोन्ही जागी १२.१, ५ च्या जागी ५.०, ३.३ च्या जागी ३.३, आणि जांभळ्या वायरीवरचा, संगणक बंद असतानाही चालू राहणारा ५ व्होल्टचा पुरवठा ५.१. एटीएक्स या संगणकाच्या भागांसाठीच्या मानकानुसार या पुरवठ्यांत पाच टक्क्यांपर्यंतची घट-वाढ चालते, म्हणजे १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असली की पुरे. उरला ‘पीजी’ नावाचा आकडा, ज्याने बरेच जण गोंधळतात. तो व्होल्ट नसून मिलिसेकंद आहे : सर्व पुरवठे स्थिर झाल्याचा निरोप एसएमपीएस किती वेळाने देतो, ते त्यातून कळते. तो १०० ते ५०० च्या दरम्यान असावा. माझा २८० होता.

थोडक्यात, दुकानदारांचे निदान चुकले होते, आणि ₹६५० चा खरा मोबदला मला इथे मिळाला. एसएमपीएस ठीक असून जर तो अर्ध्या फेऱ्यात बंद पडत असेल, तर तो बिघडलेला नसून आपले काम चोख करतो आहे. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि त्याची संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते आहे. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढेच लावले, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखा फिरू लागला तो फिरतच राहिला. भाचीने तेवढ्यात रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च धरला आणि म्हणाली, “मामा, हा एक जास्तीचा आहे का?” कॅबिनेट पूर्ण एटीएक्स आकाराचे, आमचा बोर्ड मायक्रो-एटीएक्स, म्हणजे त्याहून लहान, त्यामुळे कारखान्यातूनच बसवून आलेल्या पितळी स्टँडऑफपैकी (बोर्ड ज्यांवर टेकवून स्क्रूने बसवतात त्या खुंट्यांपैकी) एकाच्या वर बोर्डाला छिद्रच नव्हते. त्याचे टोक थेट बोर्डाच्या पाठीवरच्या झाळणीच्या टोकांना टेकत होते, आणि हिरव्या मुलाम्यावर तिथे बारीक गोल ओरखडा उमटला होता. तो स्टँडऑफ पक्कडीने काढला आणि काम झाले. बोर्ड बसवण्याआधी छिद्रे मोजायला हवी होती, ही चूक सर्वस्वी माझी.

टेस्टरबद्दल तक्रारी आहेतच. प्रोसेसरचा ८ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू एकमेकांच्या उलट असतात. पिनांचे आकार वेगळे असल्यामुळे चुकीचा कनेक्टर सहजी शिरत नाही, पण जोर लावणारे हात कमी नाहीत. अशा वेळी सॉकेटांवरची नावे ठळक हवीत. ती इथे काळ्यावर करड्या अक्षरांत, भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत अशी छापली आहेत. पुरवठा कमी असल्यास ‘एलएल’ आणि जास्त असल्यास ‘एचएच’ दिसते, हेदेखील माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला कुठेतरी दडलेले आहे. चुकीचा आकडा दिसताच होणारा कर्कश आवाज बंद करण्याची सोय नाही.

फुकटचा पर्याय म्हणून अनेक जण हिरवी आणि काळी वायर यू-पिनने जोडून पाहतात. त्यातून एसएमपीएस जागा होतो एवढेच कळते, पुरवठा किती ते कळत नाही. शिवाय हल्लीच्या काही एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना फिरतच नाही, त्यामुळे चांगला माल मेलेला समजण्याची शक्यता असते. घरात मल्टीमीटर असेल आणि तो वापरता येत असेल, तर हा टेस्टर घेण्याचे कारण नाही. नसेल आणि वर्षाकाठी दोन-तीन संगणक हाताखालून जात असतील, तर घ्यावा. मी पाचपैकी तीन तारे देतो.

चौथा तारा शेजारच्या काकांच्या जुन्या संगणकाने काढून घेतला. त्यांचा नातू खेळ लावून दहा मिनिटे बसला की संगणक आपोआप बंद पडायचा. मी टेस्टर घेऊन मोठ्या आत्मविश्वासाने गेलो. सगळे आकडे जागच्या जागी, पीजीसुद्धा ठीक. मग मित्राकडून मल्टीमीटर आणला, सगळे पुन्हा जोडले, खेळ सुरू करायला सांगितला आणि वापरात नसलेल्या एका कनेक्टरच्या पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या वायरीवर मल्टीमीटरची काडी टेकवली : आधी ११.९, मग ११.५, मग ११.१, आणि पडदा काळा. टेस्टर जवळजवळ काहीच भार टाकत नाही, त्यामुळे त्याच एसएमपीएसला तो अर्ध्या तासापूर्वी १२.० दाखवत होता.